पाण्यावरचे प्रश्न : लाट उंच नको, लांब पाहिजे

मागच्या अंकात मी वेकसर्फिंगबद्दल, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहण्याच्या खेळाबद्दल, थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला: बोटीत भरायचं वजन. बोटवाले त्याला बॅलास्ट म्हणतात. मी वैनगंगेच्या काठचा, डोंग्यावर वाढलेला. पुढं बरीच वर्षं परदेशातल्या तलावांवर अशाच बोटी चालवल्या आणि नवख्या पोट्ट्यापोट्टींना लाटेवर उभं केलं. म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच विषयाला देतो. पहिलं पत्र मुद्दाम पहिलं घेतलं आहे. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, तेवढं मात्र वाचा.

आमच्या तलावावर फायबरची स्पीडबोट आहे. मागं चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आहे. मागच्या अंगाला पाच-सहा पोती ठेवली तर वेकसर्फिंगपुरती लाट निघेल का?
(एक वाचक, साकोली तालुका)

भाऊ, लाट निघेलही. पण त्या बोटीमागं हा खेळ करायचा नाही. एकदाही नाही, हळू चालवूनही नाही.

कारण सांगतो. वॉटर स्कीइंगमध्ये माणूस बोटीपासून पंधरा-वीस मीटर मागं असतो. वेकसर्फिंगमध्ये तो दोन-तीन मीटरवर असतो, आणि उठायला धरलेली दोरी सोडल्यावर लाटच त्याला पुढं ढकलत असते. पुढं म्हणजे बोटीकडं. तोल गेला की माणूस आणि फळी दोन्ही बोटीच्या मागच्या काठाशी येऊ शकतात. आउटबोर्डचा, म्हणजे मागच्या भिंतीवर बाहेरून टांगलेल्या इंजिनाचा, पंखा नेमका तिथंच, उघडा फिरत असतो. स्टर्न-ड्राइव्ह नावाचा जो प्रकार आहे, इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर मागं, त्यालाही हेच लागू. या खेळाला इनबोर्ड बोट लागते. तिचा पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या काठापासून चांगला आत असतो. व्होल्वो पेंटा या इंजिन कंपनीनं २०१५ मध्ये पंखा पुढं तोंड करून बसवलेला एक ड्राइव्ह आणला, तोही चालतो. तिसरा सोपा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका.

वजनाचाही धोका आहेच. आउटबोर्ड बोटीची मागची भिंत आधीच इंजिनाच्या भारानं खाली असते. तिथं पोती टाकली आणि बोट एकदम थांबवली, तर आपलीच लाट मागून आत येते. आपल्या भागातल्या बोटिंगच्या बहुतेक बोटी आउटबोर्डच आहेत, म्हणून इतकं ठासून लिहितो. तुमच्या बोटीमागं लांब दोरी बांधून नीबोर्ड, म्हणजे गुडघ्यांवर बसून ओढून घ्यायची फळी, जरूर शिका. त्याला वजन लागत नाही.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी २१ फुटी इनबोर्ड टो-बोट, म्हणजे दोरीनं माणूस ओढायची बोट, घेतली. इंजिन मागच्या बाजूला आहे. लाट येते, पण दोरी सोडली की दोन सेकंदांत मागं पडतो. कोणी म्हणतं टन-दीड टन वजन भरा. किती भरावं, कुठं ठेवावं? आमच्याकडं रेती फुकट आहे, पोती भरून चालतील का?
(एक वाचक, पवनी तालुका)

तुमच्या पत्रातलं 'मागं पडतो' हे बरोबर निदान आहे. लाट बुटकी आहे अशी तक्रार बहुतेक जण करतात. नवख्याला उंची लागत नाही. त्याला हवी असते ढकलणारी जागा, आणि ती जागा लांबीला पुरेशी. लाटेच्या उतारावर एक पट्टा असा असतो की तिथं लाटेचं ढकलणं आणि पाण्याचं मागं ओढणं सारखं होतं. तो पट्टा दोन हात लांब असेल तर नवखा एका चुकीत बाहेर फेकला जातो. सहा-सात हात असेल तर मागं घसरला तरी पुढच्या पायावर भार देऊन परत पुढं येतो. शिकणं त्या परत येण्यातच आहे. म्हणून टन-दीड टनाचा विचार आज सोडा.

आधी लाट बनते कशी ते पाहू. बोट चालताना पाणी दोन्ही बाजूंना सारते आणि मागं एक खळगा सोडते. दोन्हीकडचं पाणी तो खळगा भरायला धावतं. बोट जितकी खोल बसेल तितका खळगा मोठा आणि लाट मोठी. पण दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी एकमेकांवर आपटलं तर नुसता फेस होतो. एक बाजू जास्त दाबली, म्हणजे बोट जरा एका अंगाला कलवली, की त्या बाजूची लाट स्वच्छ निघते आणि दुसऱ्या बाजूची विस्कटते. विस्कटू द्या. आपल्याला एकच लागते.

कोणती बाजू दाबायची हे उभं राहणाऱ्याच्या पायावर ठरतं. डावा पाय पुढं ठेवणाऱ्यानं बोटीच्या डाव्या बाजूची लाट घ्यावी, उजवा पुढं ठेवणाऱ्यानं उजव्या बाजूची. असं केलं की छाती लाटेकडं राहते, आणि तोंडासमोर लाट दिसत असली की भीती निम्म्यानं कमी होते. चौघांत तिघे डाव्या पायाचे असतील तर आधी त्या तिघांचं आटोपा. दर फेरीला वजन इकडचं तिकडं करत बसलात तर दिवस त्यातच जाईल.

आता पुढं किती आणि मागं किती. बंडीत धानाची पोती भरणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मागं जास्त भरलं तर बंडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढं जास्त भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. बोटीतही मागं फार वजन झालं की नाक वर जातं, चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, आणि लाट उंच, उभट पण आखूड होते. ती लाट कसलेल्यांची. नाकाकडं वजन सरकवलं की लाट लांबते आणि मऊ होते, उंची थोडी जाते. नवख्यासाठी मी मागं दोन वाटे आणि पुढं एक वाटा यापासून सुरुवात करतो.

तुमच्या बोटीचा हिशेब असा. वजनासाठी पाणी भरायच्या जाड पिशव्या मिळतात. पाण्याचं गणित सोपं, एक लिटर म्हणजे एक किलो. मागच्या कोपऱ्यात, ज्या बाजूची लाट हवी त्या बाजूच्या पेटीत, साधारण साडेतीनशे किलोची एक पिशवी. नाकात दीडशे ते पावणेदोनशे किलोची दुसरी. पहिल्या दिवशी एवढंच. शिवाय बोटीत बसलेली माणसंही वजनच आहेत. पासष्ट किलोचे पाच जण म्हणजे सव्वातीनशे किलो झाले, ही गोष्ट लोक हिशेबात धरत नाहीत. दोघांना त्याच बाजूच्या बाकावर मध्यावर बसवा आणि फेरी मारा. लाटेचं टोक पांढरं, फेसाळ दिसलं तर आणखी एक माणूस त्या बाजूला सरकवा. लाट उभट दिसली तर मागचा माणूस नाकाकडं पाठवा. माणसं हलवून जी लाट सापडेल, त्या माणसांच्या जागी मग तिसरी पिशवी ठेवायची, दीडशे-दोनशे किलोची. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

वजनाला हद्द आहे. बोटीवर बनवणाऱ्यानं लावलेली क्षमतेची पट्टी असेल तर माणसं, सामान आणि पिशव्या मिळून त्या आकड्याच्या आत राहा. पट्टी नसेल, जुन्या बोटीची बहुधा निघून गेलेली असते, तर बनवणाऱ्याच्या माहितीपुस्तकातून आकडा काढा. त्याखेरीज माझा स्वतःचा एक नियम आहे. सगळे बसल्यावर, बोट उभी असताना, सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्यापाशी पाणी आणि काठ यांत एक फुटापेक्षा कमी अंतर राहिलं तर मी वजन काढतो. मग लाट कशीही असो.

रेती नको. वैनगंगेची रेती किती चांगली आहे हे मला माहीत आहे, पण तिची जागा बांधकामात. पाण्याच्या पिशवीचा एक गुण असा की बोटीत पाणी शिरलंच, तर पिशवीतलं पाणी त्या पाण्यात तरंगल्यासारखंच राहतं, बोटीला आणखी खाली ओढत नाही. रेती पाण्यापेक्षा जड, ती ओढत नेते. पाण्याची पिशवी पंप लावून रिकामी करता येते, रेतीचं पोतं घाईच्या वेळी दोघांनी उचलून बाहेर टाकावं लागतं. आणि पोत्यातून गळलेली रेती बोटीच्या तळाशी जाऊन पाणी उपसायचा पंप जाम करते. सिमेंटचे ठोकळे, लोखंडी वजनं, यांनाही माझा नकारच आहे. नवख्यांच्या बोटीत तर नकोच.

पिशवी भरायची तर तट्ट भरा, नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी भरलेली पिशवी सगळ्यात वाईट. बोट वळली की आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते, मग आणखी पाणी धावतं. कमी वजन हवं असेल तर लहान पिशवी घ्या, मोठी अर्धी भरू नका. भरताना तोंड वर धरून आतली हवा आधी जाऊ द्या. हवेचा फुगा राहिला की पिशवी भरल्यासारखी दिसते, पण हलत राहते. खाली जुनी सतरंजी टाका, पेटीतला एखादा स्क्रू वर आला असेल तर तो पिशवी कापतो.

भरायला बारा व्होल्टचा, ताशी तीन-चार हजार लिटरचा पंप पुरतो. कागदावर साडेतीनशे लिटरला पाच-सात मिनिटं येतात, नळी चढावर असल्यानं प्रत्यक्षात दहा धरा. शेतातला मोनोब्लॉक लावायचा मोह होईल. लावू नका, त्या दाबानं शिवण उसवते. भरण्याआधी दोन गोष्टी हातानं पाहा: तळाचं बूच घट्ट आहे का, आणि तळातलं पाणी उपसणारा पंप बटण दाबताच चालतो का. बोट कलवली की आत आलेलं पाणी एका कोपऱ्यात साचतं, उपसायचा पंप मध्यावर असेल तर ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी बोटीच्या तळावरची फळी उचलून डोळ्यांनी बघायचं.

वेग ताशी १६ ते १८ किलोमीटर. जुन्या बोटीचा काटा पाण्याच्या दाबावर चालतो, त्याच्या भोकात शेवाळ अडकलं की तो खोटं सांगतो. फोनवरचं जीपीएस वापरा. सोळापासून सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरनं वाढवा. वेग कमी पडला तर लाट थुलथुलीत, फेसाळ होते. वाढवला की स्वच्छ आणि लांब होते, पण बसत जाते. वजन न हलवता निम्मं काम वेगानं होतं, आणि नवीन बोटवाले हेच विसरतात.

माणूस पडला की थ्रॉटल एकदम खाली आणून बोट फिरवू नका. तुमच्याच मागची लाट येऊन मागून चढते, आणि वळल्यावर त्याच लाटांत वजनदार नाक घुसलं तर पाणी समोरून आत येतं. वेग हळूहळू उतरवा, लाटा पुढं निघून जाऊ द्या, मग सावकाश वळा. माणसाजवळ पोचलात की इंजिन बंद करा. न्यूट्रलवर भागवू नका. चालवणाऱ्याशिवाय मागं बघणारा एक माणूस बोटीत हवाच. दोरी सहा मीटरच्या आसपासची, तिला फास किंवा गाठी नकोत, आणि ती कोणी हाताला गुंडाळायची नाही.

शेवटी गोसेखुर्दच्या पाण्याचं. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढं पाणी चढत गेलं तशी त्याखाली गावं गेली, झाडं गेली, विहिरी आणि भिंती गेल्या. पाण्याखाली उभी खोडं आहेत, आणि वजन भरलेल्या बोटीचा पंखा नेहमीपेक्षा खाली असतो. पावसाळ्यानंतर जी जागा बिनधोक असते ती उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, तशी राहत नाही. आपला पट्टा ठरवताना एखाद्या जुन्या ढिवर काकाजींना बोटीत बसवा आणि त्यांचं ऐका. कुठं कोणाचा वाडा होता, कुठं आमराई होती, हे त्यांना हात दाखवून सांगता येतं. आधी तो पट्टा वजनाशिवाय, हळू, दोरीला दगड बांधून खोली मोजत फिरा. इनलँड व्हेसल्स अॅक्ट २०२१ खाली बोटीची तपासणी आणि नोंदणी करून घ्या, आणि तपासणाऱ्याला पिशव्या दाखवा. बोटीचा तोल बदलणारी गोष्ट त्याच्यापासून लपवायची नसते.

आमचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. त्यानं बोट घेतली. फोटोत बोट एका बाजूला कललेली दिसते, आणि नातू मागच्या फळीवर पाण्यात पाय सोडून बसला आहे. बोट बुडत तर नाही ना? मला झोप येत नाही.
(एक आजी, लाखनी)

मावशी, बोटीची चिंता करू नका. वर लिहिलं तसं, लाट एका बाजूला स्वच्छ निघावी म्हणून वजन ठेवून तिला मुद्दाम कलवलेलं असतं. आता तिकडं कलवायची गरजही कमी होत चालली आहे. मालिबू कंपनीनं २०१२ मध्ये बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर उघडणारी एक झडप आणली, दुसऱ्या कंपन्यांनीही आपापल्या तऱ्हा काढल्या. ती झडप दुसऱ्या बाजूच्या पाण्याला जरा उशिरा आत येऊ देते, त्यामुळं बोट सरळ ठेवूनही लाट निघते. नवीन बोट असेल तर मुलाला सांगा, वजन दोन्हीकडं सारखं भर.

चिंता नातवाची करा, आणि आज रात्रीच फोन लावा. इंजिनाचा धूर बोटीच्या मागच्या अंगानं निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन सुरू असताना मागच्या फळीवर बसलेल्या लेकराला तो थेट लागतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं असेल. शुद्ध गेली की लेकरू पाण्यात पडतं. म्हणून इंजिन सुरू आहे तोवर मागच्या फळीवर कोणीही नाही, तिला धरून लोंबकळायचंही नाही. बोट हळू चालत असेल आणि वारा मागून असेल तर धूर बोटीतही शिरतो, तेव्हा कोणाचं डोकं दुखलं तर आधी इंजिन बंद करून मोकळ्या हवेत जायचं. मुलगा म्हणेल, आई, सगळे बसतात. तरी सांगा.

आम्ही मच्छीमार संस्थेचे लोक. या नव्या बोटीच्या लाटा आमच्या जाळ्यांवर आणि काठावर येऊन आदळतात. वजन भरल्यानं लाट मोठी होते हे तुम्हीच लिहिता. मग आम्ही काय करावं?
(गोसेखुर्द जलाशयाच्या काठावरून)

दादा, तुमची तक्रार खरी आहे. वजनाची बोट ही साध्या बोटीपेक्षा पाण्यात जास्त जोर सोडते, त्यासाठीच तर वजन भरतात. मिनेसोटा विद्यापीठानं हे मोजलं. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात म्हटलं आहे की साध्या बोटीची लाट दोनशे फुटांवर जेवढी मवाळ होते, तेवढी व्हायला वेकसर्फिंगच्या बोटीच्या लाटेला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागतं. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. तेव्हा बोटवाल्यांसाठी माझं मत असं: काठापासून, जाळ्यांपासून, मासे पाळायच्या पिंजऱ्यांपासून दीडशे मीटर हे कमीत कमी. जागा आहे तिथं त्याहून जास्त ठेवा, आणि एकाच काठासमोर दिवसभर येरझारा घालू नका. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला तर नावच काढू नका.

वेळेचं भांडण मिटण्यासारखं आहे. संध्याकाळी टाकलेली जाळी सकाळी निघतात. बोटवाल्यांनाही सकाळचंच पाणी हवं असतं, कारण दुपारी वारा सुटला की लाटेवर लाट चढते आणि काही समजत नाही. शेवटचं जाळं निघाल्यावर, साधारण नऊनंतर आणि वारा सुटायच्या आत, एवढा वेळ बोटीला पुरतो. पवनीच्या त्या चौघांनी संस्थेच्या बैठकीला यावं आणि पट्टा व वेळ दोन्ही लिहून ठरवावं. पाण्यावर पहिला हक्क ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते त्याचा आहे, असं मी मानतो. खेळ त्याच्या सोयीनं बसवायचा.

आणखी एक. नाग नदीचं सांडपाणी कन्हान-वैनगंगेतून गोसेखुर्दला येतं आणि जलकुंभी वाढवतं. पिशव्यांत भरलेलं पाणी ज्या जलाशयातलं त्याच जलाशयात, निघण्याआधी, पूर्ण सोडून द्यायचं. एका पाण्यातली घाण आणि बी दुसऱ्या तलावात न्यायचं नाही. मिनेसोटात बोट रस्त्यावर आणताना तळाचं बूच काढून पाणी सोडलेलं असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आपल्याकडं इतके तलाव आणि बोड्या जवळजवळ आहेत की ही सवय तिकडच्यापेक्षा इथं जास्त लागते.

माझं वजन ४५ किलो. मी कॉलेजात आहे. मुलं म्हणतात, तुला उचलायला मोठी लाट लागत नाही. खरं का? आणि मला पोहता येत नाही, लाइफ जॅकेट असलं तर चालेल ना?
(एक विद्यार्थिनी, भंडारा)

खरं आहे. हलक्या माणसाला कमी वजनाच्या बोटीची लाटही ढकलते. तुझ्यासाठी तिसरी पिशवी रिकामीच राहू दे, आणि फळी जरा मोठी, पाच फुटांच्या आसपासची घे. मोठी फळी पाण्यावर जास्त टेकते, घाई करत नाही. उठताना गुडघे छातीशी, टाचा फळीवर, आणि बोटीला तुला ओढू दे. स्वतः ओढून उठायला गेलीस की पडशील. चालवणाऱ्याला आधीच सांग की झटका नको, सावकाश ओढा. दोरी ढिली पडली म्हणजे लाट तुला ढकलते आहे, तरी लगेच सोडू नकोस. बराच वेळ ढिलीच राहिली तर सोड.

पोहण्याचं मात्र नाही. जॅकेट हवंच, ते घातल्याशिवाय कोणीच उतरायचं नाही, पट्टीचा पोहणाराही नाही. पण जॅकेट घालून पाण्यात पडल्यावर जो घाबरत नाही त्याला ते जास्त कामी येतं. नाकातोंडात पाणी गेलं की न पोहणारा आधी जॅकेटशीच झटापट करतो. आधी एक उन्हाळा पोहायला शीक. पाठीवर शांत पडून राहता येऊ दे, पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडता येऊ दे. लाट कुठं जात नाही. कोणता पाय पुढं ते पाहायचं असेल तर मैत्रिणीला न सांगता मागून हलकंच ढकलायला सांग. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढं पडेल, बहुधा तोच तुझा पुढचा पाय.

पिशव्या पावसाळ्यात कुठं ठेवाव्यात? मागच्या वर्षी वास येऊ लागला.
(एक वाचक, तुमसर)

आतलं पाणी राहिलं म्हणून वास आला. पंपानं उपसल्यावरही तळाशी दोन-चार लिटर राहतं. पिशवी दोघांनी तोंड खाली करून धरा, गुंडाळत आणा म्हणजे उरलेलं निघेल. मग तोंड उघडं ठेवून सावलीत दोन दिवस वाळवा. आपल्या उन्हात ठेवाल तर प्लास्टिक तडकतं. फुगवटा येईल एवढी थोडी हवा भरून ठेवली की घड्या चिकटत नाहीत. धानाच्या कोठारात ठेवू नका, उंदीर पहिल्याच आठवड्यात शिवण कुरतडतील. दोरीनं मयालीला टांगा, आणि वापरायच्या आधी घरच्या नळावर एकदा भरून रात्रभर ठेवा. सकाळी खालची जमीन कोरडी असेल तरच बोटीत चढवा.